स्वतःहून सरकलेला बाण

कुठे शिकवायला गेलो की आयोजक आधी माझा परिचय मागतात. चार ओळी द्या सर, म्हणतात. मी देतो. नेटवर्क सुरक्षेतला तज्ज्ञ आणि प्रशिक्षक, बँकांच्या लोकांना शिकवलं, पोलिसांना शिकवलं, गडचांदूरकडच्या एका कारखान्यात सगळ्या संगणकांचं जाळं बसवून दिलं, असं बरंच काही त्यात असतं आणि ते सगळं खरं आहे. शेवटी एक ओळ असते: कामाची सुरुवात ब्रह्मपुरीच्या एका संगणक केंद्रात. सूत्रसंचालक ती ओळ फार प्रेमाने वाचतात. लहान गावातून वर आलेला माणूस लोकांना आवडतो, त्यामुळे टाळ्या नेमक्या त्या ओळीला पडतात. मी तेव्हा मान खाली घालून पाण्याच्या बाटलीचं झाकण पिरगाळत बसतो. लोकांना तो माझा विनय वाटतो. विनय कसला डोंबलाचा, लाज असते ती.

ते केंद्र बाजारातल्या एका कापडाच्या दुकानावर होतं. दुकान आणि केंद्र दोन्हींचा मालक एकच. चंद्रपुरात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी वर्षभर घरी बसलो होतो, तेव्हा त्याने मला बोलावलं आणि म्हणाला, "शिकवता येते का नाई ते मंग पाहू, मशिनी चालू ठेवता येतात ना?" मशिनी मला चालू ठेवता येत. दोन हजार सालाच्या अलीकडची-पलीकडची ही गोष्ट. सगळे संगणक एका काळ्या केबलने एकमेकांना जोडलेले असत आणि तिचं एक टोक जरी कुणाच्या पायाने हललं तरी अख्खा वर्ग बंद पडे. मग मी टेबलांखाली रांगत जाऊन ते टोक शोधत असे. नेटवर्कचं माझं शिक्षण असं गुडघ्यांवर झालेलं आहे.

केंद्रात चपला बाहेर काढून यावं लागे. धूळ नको म्हणून. पण आमची खरी वैरीण धूळ नव्हतीच, मागच्या गल्लीतली राइस मिल होती. धानाचा हंगाम सुरू झाला की तिचा कोंडा खिडक्या बंद ठेवल्या तरी आत यायचा आणि माऊसच्या पोटात जाऊन बसायचा. त्या वेळच्या माऊसच्या खाली रबराचा एक गोळा असे. तो फिरला की पडद्यावरचा बाण फिरे. गोळ्याला आणि आतल्या बारीक दांड्यांना कोंडा चिकटला की बाण वेडावाकडा पळायचा, न्यायचा एकीकडे आणि जायचा दुसरीकडे. म्हणून दर शनिवारी मी सगळे माऊस उघडून नखाने तो कोंडा खरवडायचो. तज्ज्ञ म्हणतात ना मला, त्यातलं बरंचसं कौशल्य असं नखात होतं.

त्याच सुमारास सरकारचा हुकूम निघाला की प्रत्येक कर्मचाऱ्याने संगणकाची परीक्षा पास व्हायलाच हवी, नाहीतर वेतनवाढ बंद. आमच्या मालकाला दिवाळीच आली. तलाठी आले, ग्रामसेवक आले, आणि गुरुजी तर झुंडीने आले. चाळीस-पन्नाशी ओलांडलेली माणसं, ज्यांनी साऱ्या तालुक्याला बाराखडी शिकवली, ती आता माऊस धरताना पाल धरल्यासारखी धरत होती. त्या गुरुजींच्या तुकडीत एक दिवस माझे बाबाही येऊन बसले.

आमचं घर ब्रह्मपुरीतच, आणि बाबा वैनगंगेकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आमच्या घराण्यात पाटीवर पहिलं अक्षर काढलेला माणूस तोच. विहारात दर रविवारी तेच सगळ्यांकडून वंदना म्हणवून घ्यायचे आणि संध्याकाळी तिथेच वस्तीतल्या पोरांचा अभ्यास घ्यायचे. आपल्याला शिक्षण फुकट मिळालेलं नाही, तेव्हा त्यात चोरी करायची नाही, हे त्यांचं पालुपद. चोरी म्हणजे कॉपी. दहावीच्या केंद्रावर बाबा पर्यवेक्षक आहेत असं कळलं की पोरं आदल्या दिवशीच खिसे रिकामे करत. एकदा त्यांनी सख्ख्या बहिणीच्या मुलाला पकडलं आणि त्याचा पेपर काढून घेतला. आत्या त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या दारात आली नाही. बाबांनी त्याबद्दल कधी हूं की चूं केलं नाही.

असा माणूस माझ्या वर्गात. मी पहिल्या दिवशी आत गेलो तर सगळी तुकडी उभी राहिली आणि तिच्यात बाबाही उभे. "नमस्कार सर," सगळ्यांबरोबर तेही म्हणाले. बाजूचे गुरुजी गालात हसले. मला जमीन दुभंगावी असं झालं. घरी आल्यावर मी चिडून म्हणालो, "बाबा, तुमी उभे नका राहत जाऊ. मले कसंतरी होते."

"वर्गात जो शिकवते तो सर," बाबा म्हणाले. "तिथी बाप-लेक नाई."

त्यांचं पाठांतर जबरदस्त. संगणकाचे भाग, मेमरीचे प्रकार, सगळं घडाघड. अडायचं ते हाताशी. दोनदा टिचकी मारायची तिथे ते एकदा मारून थांबायचे, मग विचार करून दुसरी मारायचे. घरी माऊस नव्हता म्हणून टेबलावर खडूचं डस्टर सरकवत सराव करायचे आणि तर्जनीने त्यावर टकटक करायचे. आई म्हणायची, "हे का नवीन लागलं?" मला ते बघवत नसे. मी अंगणात निघून जायचो. बापाच्या हाताची लाज वाटणं ही फार घाण गोष्ट आहे, पण वाटत होती.

एका दिवशी वर्गात मला शिंगं फुटली. सर्व्हरवरून, म्हणजे ज्या एका संगणकाला बाकीचे सगळे जोडलेले होते तिथून, कुणाचाही बाण हलवता येईल असं एक सॉफ्टवेअर मी बसवलं होतं. सगळ्यांना माऊसवरून हात काढायला सांगितला आणि आतल्या खोलीतून एकेकाचा बाण फिरवून दाखवला. गुरुजी मंडळी लहान पोरांसारखी हसली. एक जण म्हणाले, "भूतच हाय बाप्पा." बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी हात वर केला.

"सर, मंग परीक्षेच्या दिवशी मशीनवर कोन बसला अन् सोडवलं कोनं, हे सरकारले कसं कळन?"

मी काहीतरी थातूरमातूर बोललो. पुढे या धंद्यात आलो तेव्हा कळलं की आमचा अख्खा धंदा याच एका प्रश्नावर उभा आहे. तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं की बाबांनी सगळ्यांसमोर माझी मजा घालवली.

बाबा पहिल्यांदा नापास झाले. पुन्हा बसले, पुन्हा नापास. त्यांच्या शाळेतले बाकीचे सगळे पास झाले होते, आणि कसे झाले ते ब्रह्मपुरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मशीन बंद पडली तर बघायला म्हणून केंद्रातला कुणीतरी वयस्कर गुरुजींच्या शेजारी उभा राहायचा, आणि मशीन बंद न पडताही पेपर सुटायचा. मालक ते जमवायचा आणि मी सर्व्हरच्या खोलीचं दार लावून घ्यायचो. न पाहिल्याचं सोंग मला तेव्हाही छान येत होतं.

आता तिसऱ्या खेपेला बाबा पास झाले नाहीत तर वेतनवाढ थांबणार होती. त्याचं बाबांना फारसं काही नव्हतं. पण कॉपी पकडणाऱ्या गुरुजीला पोराच्याच केंद्रात परीक्षा पास होता येत नाही, हे तालुकाभर चघळलं जात होतं, आणि ते ऐकून बाबा एस.टी.ने न जाता सायकलने शाळेत जायला लागले होते. एस.टी.त माणसं भेटतात.

एक दिवस जेवताना आईने मला विचारलंच. "दुसऱ्यायच्या पोट्ट्यायले जमते, तुले काऊन जमत नाई? तुह्याच हातात तं हाय सगळं."

मी तिला व्याख्यान झोडलं. पासवर्ड म्हणजे माणसाची सही असते, दुसऱ्याच्या नावाने बसणं म्हणजे खोटी सही करणं, वगैरे. सगळं बरोबर होतं आणि सगळं बाबांकडूनच शिकलेलं होतं. बाबा पाटावरून म्हणाले, "त्याले काई म्हणू नको. तो बराबर बोलून राह्यला." मग त्यांनी भात अर्धा टाकला आणि हात धुतले.

मी ठरवलं की आपल्यावर कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कोण कुठल्या मशीनवर बसणार ते फळ्यावर लिहिलेलं होतं. मी सगळे माऊस उघडून साफ केले, फक्त बाबांच्या मशीनला हात लावला नाही. उद्या कुणी म्हणायला नको की आदल्या दिवशी पोरगा बापाच्या मशीनशी काहीतरी करत होता. मला माझा फार अभिमान वाटला. धानाचा हंगाम होता आणि मिल जोरात चालू होती.

परीक्षेत मी सर्व्हरच्या खोलीत बसलो. या खेपेला दार सताड उघडं ठेवलं, म्हणजे बाहेरून आलेल्या पर्यवेक्षकांना माझे हात दिसावेत. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. मध्ये एकदा बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांना धीर वाटावा म्हणून मी किंचित मान हलवली. ते पुन्हा पडद्याकडे वळले. वेळ संपायच्या आत त्यांचा पेपर झाला आणि पडद्यावर निकाल आला. बाबा पास झाले होते. अगदी काठावर, पण झाले होते.

मी उडी मारायचा तेवढा राहिलो. मालक खालून पेढे घेऊन आला. डोळा मिचकावून मला म्हणाला, "शेवटी बाप तं बापच असते ना, सर." मी म्हणालो, मी काही केलेलं नाही. तो म्हणाला, "मी कुठी म्हणलं?" बाबांनी पेढा घेतला नाही. चपला घातल्या आणि सायकल काढून गेले.

गावात तेच झालं. पोराचंच सेंटर, मग का फेल होते का, असं पानठेल्यावर माझ्यासमोर लोक बोलले. मी एकाची कॉलर धरणार होतो. दोनदा नापास झालेला माणूस डस्टरवर बोटं झिजवून पास होतो आणि या लोकांना त्याची कदर नाही, याचा मला इतका राग आला की त्या रागातच मी ब्रह्मपुरी सोडली. आधी नागपूर, मग हैदराबाद. तिथे मोठमोठ्या कंपन्यांच्या जाळ्यांची राखण करायला शिकलो आणि पुढे ते इतरांना शिकवायला लागलो.

बाबा मात्र तेव्हापासून बदलले. दहावीच्या केंद्रावर जाणं त्यांनी बंद केलं, तब्येतीचं कारण दिलं. तब्येत ठणठणीत होती. वस्तीतली पोरं विहारात अभ्यासाला येत, त्यांना ते गणितं घालत, पण चोरी करायची नाही हे पालुपद त्यांच्या तोंडून गेलं. एकदा सुटीत आलो असताना मी रविवारी विहारात त्यांच्या मागे बसलो होतो. ते पंचशील म्हणवून घेत होते. जे आपल्याला दिलेलं नाही ते घेणार नाही, या दुसऱ्या शीलाशी आले आणि त्यांचा आवाज गेला. बाकीच्यांनी ते म्हटलं आणि तिसऱ्यापासून बाबा पुन्हा सुरू झाले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी समजलो की गावाच्या बोलण्याने ते खचले आहेत. घरी येताना मी त्यांना म्हणालो, "लोकायचं काय घेऊन बसता. तुमी आपल्या हिमतीवर पास झाले."

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "व्हय." आणि फार मायेने त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ती माया मला नीट समजली नाही.

त्यानंतर काही वर्षांनी गडचिरोलीला सरकारी कर्मचाऱ्यांना शिकवायचं काम मला मिळालं. बाबा निवृत्त झाले होते. काम संपवून मी घरी आलो आणि सकाळी अंगणात लॅपटॉप उघडून बसलो. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. माझ्या माऊसकडे पाहत होते. त्याच्या खाली गोळा नव्हता, तांबडा उजेड होता. आई आत चहा ठेवत होती.

"एक इचारू का?" बाबा म्हणाले. "परीक्षेच्या दिवशी तू आतल्या खोलीतून किती खेपा बाण सरकवला?"

मला आधी कळेना कुठली परीक्षा आणि कुठला बाण. मग त्यांनी सांगितलं, अगदी सावकाश. एका प्रश्नाला चार उत्तरं होती. त्यांना दुसरं वाटत होतं आणि बाण ते दुसऱ्यावर नेत होते, पण बाण जाईना. तो आपसूक तिसऱ्यावर सरकला आणि तिथेच उभा राहिला. त्यांनी हात काढून घेतला. मागे वळून पाहिलं तर मी खोलीत बसलेलो आणि मी मान हलवली. मग त्यांनी माऊसवर हात ठेवला आणि तिसऱ्यावर टिचकी मारली. पुढे आणखी काही प्रश्नांना तसंच झालं.

"पयल्या खेपेले हात थरथरला," ते म्हणाले. "मंग नाई थरथरला."

मला चक्क आनंद झाला. हे लिहिताना त्या आनंदाची शरम वाटते, पण झाला खरा. इतकी वर्षं या माणसाच्या छातीवर जे ओझं होतं ते मी आता एका फटक्यात उतरवणार होतो. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, वर्गात सांगतो तसं. राइस मिल, कोंडा, गोळा, आतल्या दांड्या. मी त्यांचाच तेवढा माऊस कसा साफ केला नव्हता आणि का केला नव्हता. त्या वेळी माझे हात मांडीवर कसे होते. मान हलवली ती नुसती धीर द्यायला. तो बाण कुणीही सरकवला नव्हता. "तुमी कोनाची मदत घेतली नाई बाबा," मी म्हणालो. "कोंड्यानं सरकला तो."

एखाद्या पोराचं उत्तर ऐकावं तसं त्यांनी सगळं मध्ये न बोलता ऐकलं.

"म्हणजे तू काईच देल्लं नाई?"

"नाई. तुमची शपथ."

आईने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. बाबांनी कप उचलला नाही.

"इतके दिवस मी समजत होतो का पोरानं बापासाठी आपला नेम मोडला," ते म्हणाले. "मले त्याची लाज वाटे. पन वाटे का पोराचा जीव हाय आपल्यावर. आता तं एवढंच उरलं का तू देल्लं नाई अन् मी घेतलं."

मी तोंड उघडलं. म्हणणार होतो की आता बोललो ते सगळं खोटं होतं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून रचलं होतं, बाण मीच सरकवला. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण लहानपणापासून माझं एकही खोटं त्यांच्यासमोर टिकलेलं नाही, आणि मी खरं बोलून किती खूश झालो होतो तेही त्यांनी आत्ताच पाहिलं होतं. मी लॅपटॉप मिटला. चहावर साय धरेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता तिथेच बसून होतो.